तेहतीसपैकी एकोणीस

१० जुलै, गुरुवार
बीपी १३८/८८.

ही डायरी खरं म्हणजे ह्यांच्या, म्हणजे गोपाळकृष्णांच्या, बीपीची. बायपासनंतर डॉक्टरांनी रोज आकडे लिहायला सांगितले म्हणून आणली. पण आकडे एका ओळीत संपतात आणि पान उरतं. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, कोरं पान सोडणाऱ्यांचे मार्क कापले, आता स्वतः कशी सोडू? शिवाय बीपीची डायरी कोणी उघडून वाचत नाही.

आज समोरच्या भदौरिया भाभींच्या नातीला, हर्षिताला, कावीळ निघाली. पाचवीत आहे, माझ्याकडे अपूर्णांक शिकायला येते. डोळे पिवळे झालेत आणि वरण-भात बघितला की तोंड फिरवते. दोन महिन्यांत गल्लीतली ही तिसरी. आमची गल्ली नऊ घरांची, हिंदी मुलखातल्या या शहरात हरिशंकरपुरम वस्तीच्या पुढे, आणि नऊही घरांना पाणी एकाच बोअरचं. बोअर समोरच्या बागेत, आणि त्याला लागून नाला.

त्या नाल्यात रोज सकाळी उजाडता उजाडता काय ओततात ते सगळ्यांना माहीत आहे. जगदेवरावांच्या सेप्टिक टँक उपसायच्या दोन गाड्या आहेत. मैला गावाबाहेर ठरलेल्या जागी न्यायचा असतो. तेवढं डिझेल कोण जाळणार, म्हणून गाडी इथेच रिकामी करतात. मी एकदा म्हटलं होतं, "भाऊसाहेब, ती गाडी बघा ना जरा." तर म्हणाले, "वहिनी, पावसाचं पाणी असतं ते." मेमध्ये.

मी पुढे काही बोलले नाही, कारण जगदेवराव आमचे घरमालक. शेजारच्याच घरात राहतात. बावीस वर्षं झाली, कागद नाही, करार नाही, सगळं तोंडी. पलीकडच्या घरात त्यांचे दुसरे भाडेकरू होते रमाकांत, ते गेल्या महिन्यात नाल्यावरून चार लोकांत बोलले. पंधरा दिवसांत त्यांचं सामान टेम्पोत होतं. ह्यांना डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे, दगदग तर नावालाही नको. या वयात, या तब्येतीत कुठे जाणार आम्ही?

१४ जुलै, सोमवार
बीपी १४०/९०. (काल लोणचं खाल्लं. मी बघितलं.)

मी फोटो काढला. 

पावणेसहाला नेहमीसारखी ओट्यावर बसून गोपद्मं काढत होते. चातुर्मासात उंबऱ्यासमोर रोज गाईच्या पावलांची रांगोळी, तेहतीस पावलं. माझं हे पाचवं वर्ष, कार्तिकात उद्यापन. मी अकरा-अकराच्या तीन ओळी करते, हिशेब सोपा. एकोणीस झाली होती, विसाव्याची चिमूट हातात होती, तेवढ्यात गाडी आली. नाल्याला पाठ लावली, ड्रायव्हरने जाड पाइप सोडला आणि भसाभसा ओतायला सुरुवात केली. बोअरपासून चार हातांवर. फोन शेजारीच स्तोत्र म्हणत होता. उठायला गेले असते तर ड्रायव्हरने पाहिलं असतं, म्हणून बसल्या बसल्याच एक फोटो आणि चौदा सेकंदांचा व्हिडिओ घेतला. गाडीचा नंबर स्वच्छ आला आहे.

मग उरलेली चौदा पूर्ण केली. व्रत ते व्रत.

आता याचं करू काय? ह्यांना सांगितलेलं नाही. आकडा वाढेल.

१५ जुलै, मंगळवार
बीपी १३६/८६.

अंतराला बोलावलं. माझ्या भावाची मुलगी, पडाव भागातल्या एका हॉटेलात काम करते. त्यांचे फोटो आणि व्हिडिओ नेटवर टाकायचे, तेच काम. मी म्हटलं, फोटो बातमीवाल्यांना आणि नगर निगमला पाठवायचा, पण कोणी पाठवला ते कळता कामा नये. नंबर लपवून पाठव म्हणजे झालं.

"आत्या, तसं नसतं ग. फोटो के अंदर पूरी कुंडली होती है," असं म्हणून तिने माझ्याच फोनवर कुठेतरी दाबलं. तारीख आली. वेळ आली, सेकंदासकट. फोनचं मॉडेल आलं. आणि मग नकाशा उघडला नि त्यावर बरोबर आमच्या ओट्यावर लाल ठिपका. मी बघतच राहिले. म्हणजे हा फोटो तसाच पाठवला असता तर जगदेवरावांना पत्त्यासकट घरपोच मिळाला असता.

मग तिने शिकवलं आणि मी वहीत टिपून घेतलं. आधी मूळ फाइलची एक प्रत करायची आणि हात प्रतीलाच लावायचा. त्यातलं ठिकाण, तारीख, फोनचं नाव, सगळं काढायचं, त्याचं एक साधन असतं. काढल्यावर परत उघडून बघायचं, गेलं की नाही. फाइलचं नाव बदलायचं, कारण त्या नावातही तारीख बसलेली असते. व्हिडिओचा आवाज पूर्ण काढायचा. मी म्हटलं, त्यात काय, गाडीचाच आवाज आहे. तिने ऐकवलं. आधी माझं स्तोत्र, मग आतून ह्यांची हाक, "सुनंदा, माझा चष्मा कुठे आहे?" नावासकट. आवाज काढला.

नवा ईमेल काढला. कुठून पाठवायचं तेही तिने ठरवलं आहे, ते मी इथे लिहीत नाही. सावधगिरी ती सावधगिरी.

जाताना म्हणाली, "पाठवण्याआधी चित्रात काय दिसतंय ते नीट बघ हं. लोक आतलं सगळं पुसतात आणि बाहेरचं विसरतात. मला उशीर होतोय, तू कर." मी म्हटलं, बाळा, उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेली माझी.

१६ जुलै, बुधवार
बीपी १३४/८६.

फोटोवर आडव्या तीन, उभ्या तीन रेघा आखल्यासारख्या धरल्या, सोळा चौकोन केले आणि एकेक चौकोन मोठा करून तपासला. पहिल्या रांगेत आभाळ आणि कडुनिंब. दुसऱ्या रांगेत डावीकडे दोरीवर ह्यांचा बनियन दिसत होता, तो कापला. तिसऱ्या रांगेत उजवीकडे आमच्या स्कूटरचा नंबर, त्यावर काळी पट्टी. गाडीचा नंबर तेवढा ठेवला, तोच तर दाखवायचा आहे. चौथ्या रांगेत आपला ओटा, रोजचाच. लाल दगडाचे ओटे गल्लीत सगळ्यांचेच आहेत, त्यात बघण्यासारखं काही नाही. व्हिडिओलाही तेच सोपस्कार केले. स्वतःला दहापैकी दहा दिले.

अंतरा संध्याकाळी येऊन घेऊन गेली. तिच्या सांगण्यावरून माझ्या फोनमधलं सगळं पुसून टाकलं. शिवाय ताकीद दिली की बातमी आली तरी माझ्या फोनवरून ती उघडायची नाही, सारखी उघडली तर तीही खूण राहते. मी कशाला उघडू? मला पाठ आहे तो फोटो.

१७ जुलै, गुरुवार
बीपी १३८/८८.

मनाला टोचतंय. गेल्या वर्षी भर दुपारी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्सची वाट न बघता जगदेवरावांनी ह्यांना उचलून स्वतःच्या गाडीत घातलं होतं. तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. मंदाताईंनी, त्यांच्या बायकोने, महिनाभर बिनमिठाचा डबा पाठवला. आणि मी त्यांच्या पाठीमागे हे करते आहे. समोरासमोर बोलायची हिंमत नाही म्हणून काळी पट्टी लावून पाठवते आहे.

अंतराला फोन करून म्हटलं, राहू दे, नको पाठवू. ती म्हणाली, "आत्या, कल ही चला गया." मग मी हर्षिताला बघायला गेले. तिने विचारलं, मॅडम, तीन-चतुर्थांश मोठा की दोन-तृतीयांश, आणि मी उत्तर देईपर्यंत तिला झोप लागली. पाठवलं ते बरंच केलं.

२१ जुलै, सोमवार
बीपी १४२/९०.

आलं. शहरातल्या बातम्यांच्या एका पानावर काल फोटो आला आणि आज सकाळी नगर निगमची माणसं बाटल्या घेऊन हजर. नाल्याचं पाणी घेतलं, बोअरचं घेतलं. बोअरला कुलूप लावलं आणि दुपारी स्वच्छ पाण्याचा टँकर आला. जगदेवरावांच्या दोन्ही गाड्या उभ्या केल्या. सगळी गल्ली बाहेर येऊन बघत होती. मीही चेहऱ्यावर आश्चर्य आणून उभी होते. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं असं वाटलं.

जगदेवराव मात्र फाटकाशी उभे राहून फोनकडे बघत होते. अंगठा आणि बोटाने चित्र मोठं करत होते, परत लहान करत होते. खुशाल बघा. सोळा चौकोन आहेत.

२४ जुलै, गुरुवार
बीपी १३६/८६.

गल्लीला काय झालंय कळत नाही. भदौरिया भाभी सकाळी धावत आल्या आणि म्हणाल्या, "दीदी, कल से रंगोली अंदर बना लीजिए न. बारिश है." मी म्हटलं, ओट्यावर पत्रा आहे, पाच वर्षांत एक थेंब पडला नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि गेल्या.

दुपारी अंतराचा फोन. "आत्या, थोडे दिवस गोपद्मं नको ना काढूस, प्लीज." विचारलं का, तर म्हणते फोनवर नाही सांगता येत. पाचव्या, उद्यापनाच्याच वर्षी व्रत मोडायला सांगते. मी तिला चांगलं सुनावलं आणि फोन ठेवला. तिने दोनदा परत केला, मी उचलला नाही.

हेसुद्धा आज विचारत होते, "सुनंदा, तू काही सांगायची राहिली आहेस का मला?" म्हटलं, मीठ कमी खा, एवढंच सांगायचं राहिलंय.

२७ जुलै, रविवार
बीपी सकाळी १३४/८४, संध्याकाळी १५६/९६. कारण कळत नाही.

आज चांगला दिवस म्हणायला हवा. सकाळी जगदेवराव ओट्यापाशी येऊन उभे राहिले. खाली वाकून बघत म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही रोज काढता?"

पाच वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मला फार बरं वाटलं. मी सगळं सविस्तर सांगितलं, आषाढी एकादशीला सुरुवात, कार्तिकात समाप्ती, तेहतीस का, अकराच्या ओळी का, मधला खूर कसा चिरायचा. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते.

"गल्लीत आणखी कोण काढतं?" त्यांनी विचारलं.

"कोण काढणार? भदौरिया, तोमर, गुप्ता, त्यांच्यात ही पद्धतच नाही. मंदाताई पूर्वी काढायच्या, पण आता त्यांना खाली बसवत नाही. सध्या अख्ख्या गल्लीत मी एकटीच."

समोर भदौरिया भाभी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, त्यांच्या हातून ताट पडलं.

"एकट्याच. बरं," जगदेवराव म्हणाले. "उद्या आठला विश्वासरावांना घेऊन येतो. गोपाळकृष्णांना घरी थांबायला सांगा. कागदाचं एकदा उरकून टाकू."

विश्वासराव आमच्या गल्लीच्या समितीचे अध्यक्ष आणि वकीलही. म्हणजे करार. बावीस वर्षं मागते आहे मी. शेवटी त्यांच्या मनात आलंच की, या लोकांच्या हातात काहीतरी लेखी असावं. ज्या माणसाविरुद्ध मी फोटो पाठवला तोच माझ्या घराचा कागद करतो आहे. मला इतकी लाज वाटली की आत जाऊन थोडी रडले.

ह्यांना सांगितलं तर चेहरा पांढराफटक. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं, माणूस कागदाला घाबरायला नको. थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्या पुस्तकांना किती खोकी लागतील?" मी म्हटलं, कराराला पुस्तकं कशाला बांधायची? त्यांनी चपला घातल्या. मग समोर भदौरियांकडे गेले आणि तासभर बसून आले. मंदाताई स्वतःच्या फाटकाशी दुधाची पिशवी धरून केव्हाच्या उभ्या होत्या. मी हात केला, त्यांनी बघितलं नाही.

२८ जुलै, सोमवार
बीपी घ्यायचं राहिलं.

आज जे झालं त्याला काय म्हणावं? सरळ लिहिते.

सकाळी रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आले तर समोर भदौरियांच्या ओट्यावर गोपद्मं. भाभी फतकल मारून बसलेल्या, साडीचा पदर पांढरा झालेला. पावलं कसली, कोंबडी चालून गेल्यासारखी. गुप्तांकडे पिठाने काढलेली. तोमर, सैन्यातून सुभेदार होऊन रिटायर झालेले, पट्टी लावून खडूने आखत होते. गल्लीभर तेच. माझ्या पाच वर्षांच्या व्रताची अशी नक्कल बघून माझं डोकंच फिरलं.

आणि एकाचंही बरोबर नाही. मी मोजलं ना. भदौरियांकडे एकोणीस. गुप्तांकडे एकोणीस. तोमरांकडे एकोणीस, पण सरळ रेषेत. एक ओळ अकराची, मग आठ, आणि पुढे सगळे थांबलेले. मी घरोघरी जाऊन सांगत सुटले, "भाभी, तैंतीस होते हैं, उन्नीस नहीं." सगळ्यांचं एकच उत्तर, "हाँ दीदी, आज इतने ही." हर्षिता खाटेवरून उठून दारात आली होती, तिला म्हटलं, तू तरी मोज. तर हसली नुसती. अशक्त आहे, पण हसली.

शेवटी जगदेवरावांच्या दारात गेले. मंदाताई खाली बसलेल्या. गुडघ्यांखाली उशी घेतलेली, एक हात जमिनीवर टेकलेला, कपाळावर घाम. त्यांची गोपद्मं मात्र बघत राहावीत अशी. खूर रेखीव, मधली चीर नाजूक. मी मोजली. अकरा, मग आठ.

"मंदाताई, तुम्हाला तरी माहीत आहे. तेहतीस असतात."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आज एवढीच."

"अहो, पण एकोणीस हा काय आकडा आहे?"

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.  मग म्हणाल्या, "सुनंदा, मला उठव. गुडघा धरला." मी दोन्ही हातांनी उठवलं. त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही.

आठ वाजता जगदेवराव बाहेर आले, मागे विश्वासराव, जगदेवरावांच्या हातात लांब लिफाफा. पायरीवरच थांबले, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. स्वतःच्या उंबऱ्याकडे बघितलं. मग आमच्या दाराकडे, मग समोर, मग गल्लीच्या टोकापर्यंत. सगळे आपापल्या ओट्यावर उभे होते.

"हे काय आहे?" त्यांनी मंदाताईंना विचारलं.

"चातुर्मास आहे," मंदाताई म्हणाल्या. "उद्याही काढणार आहे. फोटो काढायचा असेल कोणाला तर आपल्या दारातूनही नाला तसाच दिसतो."

विश्वासरावांनी खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बघितलं, सगळ्या ओट्यांकडे बघितलं आणि फोन ठेवून दिला. "जगदेवराव, मी चलतो. इसमें कुछ सिद्ध नहीं होता," असं म्हणून चपला शोधायला लागले. जगदेवराव तसेच उभे. मग मंदाताईंच्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून, तिरपे होत खाली उतरले. एवढा मोठा माणूस, पण एकही पाऊल पुसू दिलं नाही.

मी पुढे होऊन म्हटलं, "भाऊसाहेब, कागद?"

त्यांनी लिफाफ्याची मधोमध घडी घातली आणि खिशात कोंबला. "राहू द्या वहिनी," म्हणाले. "मजकूर चुकला होता." आणि जरा थांबून, "हर्षिता कशी आहे?"

"सुधारते आहे. नवं पाणी मानवतंय."

त्यांनी मान हलवली आणि बागेत जाऊन नाल्याशी उभे राहिले. बराच वेळ उभे होते.

करार परत लांबला. घरात आले तर हे सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. छातीवर हात धरला तेव्हा मी घाबरले. विचारलं, झालं काय? तर म्हणाले, "काही नाही. उद्यापनाला सगळ्या गल्लीला जेवायला बोलाव. कोणी राहता कामा नये." ते मी बोलावणारच होते, पण इतकं हसण्यासारखं काय आहे त्यात?

२९ जुलै, मंगळवार
बीपी १२२/८०. बायपासनंतरचा सगळ्यात चांगला आकडा. मीठ बंद केल्याचा गुण.

नागपंचमी. जगदेवरावांचा ड्रायव्हर सकाळी सांगून गेला की आजपासून गाड्या गावाबाहेर जाणार, साहेबांनी स्वतः बजावलं आहे. मंदाताईंनी आज पूर्ण तेहतीस काढली. बाकीचे अजून एकोणीसवरच आहेत, त्यांना शिकवावं लागेल. हर्षिताने दीड पोळी खाल्ली आणि दोन-तृतीयांशापेक्षा तीन-चतुर्थांश मोठा हे स्वतः सांगितलं.

अंतराचा फोन उचलला. रागवायचं होतं, पण आनंद होता म्हणून सोडून दिलं. तिला म्हटलं, "बघ, जगदेवरावांनी इतका शोध घेतला, वकील आणला, पण कोणी पाठवलं त्याचा पत्ता लागला नाही. सोळा चौकोन तपासले होते मी. फोटोत एक खूण राहिली नव्हती."

तिच्याकडे काहीतरी खट् वाजलं. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाली, "हो आत्या. एक भी नहीं." आवाज जड वाटला. सर्दी झाली असणार, पावसाचे दिवस आहेत.

उद्या पावणेसहाला भदौरिया भाभींकडे जायचं आहे, त्यांना गाईचा खूर अजून जमत नाही.